कुमुदताईंची हेराल्ड

सलीमभैयांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात लेकीकडे मेथी निवडत बसले होते. “भाभी, दीदी नहीं रहीं…” एवढंच बोलून ते थांबले. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : “गाड़ी कहाँ है?” लेकीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. सलीमभैयांना मात्र प्रश्न बरोबर कळला. “शेड में ही है, भाभी. दीदी दोपहर को खाना खाके लेटीं, फिर उठी ही नहीं.” म्हणजे रस्त्यावर काही घडलं नव्हतं. ताई स्टिअरिंगवर बसल्या की माझ्या मनात एक धाकधूक असायची, ती इतक्या वर्षांनी कायमची खोटी ठरली होती. हुश्श झालं, आणि त्या हुश्श होण्यातच ताई गेल्या हे कळलं… मग मात्र हातातली जुडी तशीच राहिली.

आता महिना उलटून गेलाय. नर्मदेच्या ग्वारीघाटावरचं सगळं झालं, पाहुणे परतले, मी पुन्हा जबलपूरच्या आमच्या घरी आहे. येणारे-जाणारे ताईंबद्दल बोलतात ते “बिचारीनं किती सोसलं” अशा सुरात. मला ते ऐकवत नाही. ताईंना बिचारी म्हणण्याची सोय त्यांनी कुणालाच ठेवली नव्हती. म्हणून हे लिहायला बसले.

कुमुदताई माझ्या नणंद. माझे यजमान अरविंद यांच्याहून थोरल्या. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा डावा पाय गेला होता. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधून त्या चालायच्या, आणि तो कॅलिपर घरात टकटक वाजायचा. शहरातल्या सरकारी कन्याशाळेत त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. मी अमरावतीहून लग्न होऊन गढा भागातल्या या घरात आले तेव्हा माझे सासरे नुकतेच गेले होते. मागे अंगणात पत्र्याच्या शेडखाली त्यांची हेराल्ड मोटार उभी होती. छावणीतला कुणी फौजी अधिकारी बदलून जाताना त्यांनी ती घेतली होती म्हणे. ठेंगणी, दोन दारांची, एकेकाळी फिकट निळी. मी पाहिली तेव्हा तिची चारही चाकं बसली होती, खालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता आणि मागच्या सीटमध्ये उंदरांनी बाळंतपणं उरकली होती. अरविंद ती भंगारात द्यायची म्हणत, ताई “बघू” म्हणत, आणि गाडी तिथंच राही.

बघायची वेळ आली ती एका उन्हाळ्यात. शाळांना सुट्ट्या लागता लागता ताईंच्या हातात बदलीचा हुकूम पडला. पनागर. शहराबाहेर, कटनीच्या रस्त्यावर. रोजच्या सायकलरिक्षाचं ते काम नव्हतं, आणि बसची पायरी इतकी उंच की ताईंना दोघांनी उचलून चढवावं लागे. ती बससुद्धा थांबलीच तर. वरच्या कचेरीत विनंत्या झाल्या, उपयोग झाला नाही. जेवताना अरविंद म्हणाले, “ताई, राजीनामा देऊन टाक. मी आहे न. तुला काय कमी पडून राहिलं?”

ताईंनी भाकरीचा तुकडा मोडला. “मला काही कमी नाही पडून राहिलं, अरविंद. मला शिकवायचं आहे.”

“अगं, पण जाशील कशी रोज?”

“बाबांची गाडी आहे न.”

अरविंद हसले. ते वाईट हसणं नव्हतं. अशक्य गोष्टीला माणूस हसतो तसं होतं. “ती गाडी? अन् क्लच कोण दाबणार? तिच्यात उंदीर राहतात, ताई.”

“मग आधी उंदरांना काढू,” ताई म्हणाल्या आणि आमटी वाढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून ठोकाठोकीचा आवाज आला म्हणून मी गेले. हेराल्डचं बॉनेट इतर गाड्यांसारखं वरती उघडत नाही. मडगार्डांसकट गाडीचं सगळं तोंडच पुढच्या बाजूला उलटतं आणि इंजिन, चाकं सगळं उघडं पडतं. ताई पुढच्या चाकावर पाटावर बसावं तशा बसल्या होत्या, कॅलिपरचा पाय सरळ पसरलेला, साडीवर शाळेतल्या प्रयोगशाळेचा जुना कोट. समोर पान्यांची पेटी. मी दारात थबकले तर म्हणाल्या, “काहून उभी राहिलीस, शैला? हे पकड इकडून.” मी पकडलं. काय पकडलं ते कळायला मला दोन दिवस लागले, पण त्या दिवसापासून मी शेडमधली झाले.

खरं सांगायचं तर त्या घरात माझं मन रमत नव्हतं. शेजारपाजार सगळा हिंदी, माझं हिंदी मोडकं, अरविंद दिवसभर फॅक्टरीत. त्या शेडमध्ये मात्र मी मनसोक्त मराठी बोलले. भांडलेसुद्धा. मला भीती वाटायची की एकदा सुटं केलेलं पुन्हा जुळणार नाही. मी तसं म्हटलं तेव्हा ताईंनी पान्यानं आपल्या कॅलिपरवर टकटक केलं. “माझ्या पायाला लहानपणापासून नट-बोल्ट आहेत, शैला. दर दिवाळीला मी हे सगळं सोडवून तेल घालून परत बसवते. उघडलेलं बसतं. घाबरू नकोस.”

इंजिन जाम झालं होतं. ताईंनी प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल आणि तेलाचं मिश्रण आत सोडलं आणि ते तसंच मुरत ठेवलं, लोणचं मुरवावं तसं. रोज सकाळी चहा झाला की आम्ही दोघी हँडल लावून जोर करायचो. हँडल ढिम्म. एका सकाळी ते किंचित, अगदी बोटभर, फिरलं आणि आतून कुणीतरी सुस्कारा टाकावा तसा आवाज आला. आम्ही एकमेकींकडे बघून लहान मुलींसारख्या ओरडलो. गंजावर ताईंनी आम्लाचा हात फिरवला, त्याचं प्रमाण त्या वर्गात शिकवावं तसं मला समजावत. खालचा पत्रा मात्र नवाच घालायला हवा होता. त्यासाठी कांचघर मोहल्ल्यातून सलीमभैया आले. त्यांचं तिकडे छोटं गॅरेज होतं, वेल्डिंगमध्ये हात बसलेला, जिभेवर पान आणि थट्टा. त्यांनी पत्रा घातला, डायनॅमो काढून जास्त ताकदीचा अल्टरनेटर बसवून दिला, ब्रेक नवे केले. गाडी सुरू झाली तेव्हा गल्लीतली माणसं गोळा झाली.

पण खरी अडचण पुढेच होती. ताईंचा उजवा पाय धड होता. त्यानं ब्रेक आणि अॅक्सिलरेटर सांभाळता आला असता. क्लच डाव्या पायाचा, आणि डाव्यात जीव नव्हता. “हाथ से दबाएँगे,” ताई म्हणाल्या.

“दीदी, क्लच हाथ से? ऐसा तो हमने कभी सुना नहीं.”

“अब सुन लिया न. चलो, आगे सोचो.”

सलीमभैयांनी मोटरसायकलच्या क्लचसारखी मूठ लावून बघितली. ताईंचं मनगट आखडून गेलं, पण क्लच अर्धासुद्धा दबला नाही. मग लांब दांडा लावला. तो दाबायला एक हात, गिअरला दुसरा, स्टिअरिंगला तिसरा कुठून आणणार? सुट्टी संपत चालली होती. अरविंद जेवताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

उपाय ताईंना सुचला तो इंजिनाच्या श्वासावरून. चालू इंजिन हवा आत ओढून घेतं. त्या ओढीला बळ असतं. ट्रकच्या ब्रेकमध्ये त्याच ओढीवर चालणारा एक डबा असतो, पाय हलका पडला तरी ब्रेक जोरात लागावा म्हणून. “तो डबा जर ब्रेक ओढतो, तर क्लच काहून नाही ओढणार?” सलीमभैयांनी भंगारातून तसला डबा आणला, इंजिनाला रबरी नळीनं जोडला, आणि गिअरच्या दांड्यावर एक चिमुकली कळ बसवली. कळ दाबली की हवा ओढली जाई आणि क्लचचा पेडल आपोआप खाली बसे. भूत दाबतंय असं वाटायचं. सलीमभैयांनी कानाला हात लावले. पण कळ सोडली की पेडल फाडकन वर यायचा आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. क्लच हळूहळू सोडायचा असतो, आणि ओढीला हळूहळू कळत नव्हतं.

हताश होऊन आम्ही बसलो होतो. ताई खडूनं भिंतीवर काहीतरी काढत होत्या, पुसत होत्या. अचानक म्हणाल्या, “ब्युरेट!” मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. ब्युरेट म्हणजे प्रयोगशाळेतली ती उभी काचेची नळी. तिच्या खालची तोटी किती फिरवाल त्यावर द्राव थेंब थेंब पडतो. “मुलींना मी रोज सांगते, धार नको, थेंब थेंब सोडा. अन् मलाच कळलं नाही बघ. हवापण थेंब थेंबच आत सोडायची.” त्यांनी डब्याच्या तोंडाशी पितळेची बारीक तोटी बसवायला लावली. तोटी थोडी उघडी, थोडी बंद, असं करत करत दुपारभर आम्ही शेडच्या आत गाडी पुढे-मागे केली. संध्याकाळच्या उन्हात गाडी एकदा अशी हलली की हलल्याचं कळलंच नाही. ताईंनी मान मागे टेकली आणि डोळे मिटले. “झालं,” म्हणाल्या.

झालं नव्हतं. पहिला खरा फेरा आम्ही ग्वारीघाटापर्यंत मारायचं ठरवलं. नर्मदामाईला नारळ वाढवून यायचा. रस्ताभर ताई झकास चालवत होत्या, मी शेजारी बसून ऐटीत इकडेतिकडे बघत होते. घाटाजवळ गर्दी लागली. फुला-प्रसादाच्या टपऱ्या, पंडे, नाववाले. समोर एक कुटुंब रस्ता ओलांडत होतं म्हणून ताईंनी कळ दाबून धरली आणि गाडी गिअरमध्येच थांबवली. तेवढ्यात इंजिनाजवळ ‘फुस्स’ असा आवाज झाला. तापून मऊ पडलेली रबरी नळी निसटली होती. क्लच सुटला, आणि गाडीनं पुढे झेप घेतली… ते कुटुंब नुकतंच पलीकडे पोचलं होतं. गाडी एका म्हाताऱ्या फूलवालीच्या ठेल्यावर आदळली. झेंडू, गुलाब, दिव्यांचे द्रोण सगळे रस्त्यावर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या कुटुंबातल्या बाईच्या कडेवरचं मूल आमच्याकडे टकमक बघत होतं, ते मला आजही दिसतं.

सलीमभैयांनी येऊन गाडी घरी आणली. अरविंदनी सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, “ताई, आता बस कर. तुझ्यासाठी नाही म्हणत. रस्त्यावरच्या माणसांसाठी म्हणतो.”   रात्री ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “शैला, तो बरोबर बोलून राहिला. माझ्या हातून आज कुणाचं लेकरू गेलं असतं.” मी त्यांच्या पायातला कॅलिपर सोडवला आणि बाजूला ठेवला.

मला वाटलं, शेड आता पुन्हा बंद होणार. पण सकाळी ताई रिक्षा बोलावून निघाल्या, मलाही घेतलं. राजीनामा द्यायला निघाल्या असं मी समजले. रिक्षा गेली ग्वारीघाटावर, त्या फूलवालीपाशी. ताईंनी हात जोडून माफी मागितली, नासलेल्या मालाची भरपाई तिच्या हातावर ठेवली. म्हातारीनं ती कमरेला खोचली आणि ताईंना पायापासून डोक्यापर्यंत निरखून पाहिलं. “गाड़ी तुम चला रही थीं? इस पाँव से?”

“हाँ, अम्मा.”

“अकेली बनाई?”

“नहीं, ये है न हमारी भाभी.”

“तो ठीक से बनाओ, बिटिया. और जब तक पक्की न हो, इधर मत लाना. पक्की हो जाए तो पहले हमको बिठाना.”

परतीच्या वाटेवर ताई रिक्षात बसून मोठ्यानं हसल्या. घरी येऊन त्यांनी कोट चढवला. नळीचा मार्ग इंजिनाच्या उष्णतेपासून दूर नेला, जाड नळी आणली, प्रत्येक जोडावर पक्का पट्टा आवळला. नळी निसटलीच तरी ओढ एकदम सुटू नये म्हणून मध्ये एक राखीव टाकी आणि एकाच बाजूनं उघडणारी झडप घातली. आणि स्वतःला एक नियम घालून घेतला : थांबायचं म्हटलं की आधी गिअर काढायचा, मग हातब्रेक ओढायचा. मग समोर गर्दी असो नाही तर मोकळं माळरान. मग त्या अरविंदना म्हणाल्या, “तू नळ्या उपसून बघ. निसटली तर मी स्वतः राजीनामा लिहीन.” अरविंदनी खरोखरच बाह्या सरसावल्या. फॅक्टरीत तपासणीच्या खात्यातला माणूस तो, सोडणार थोडाच. घामाघूम झाले, एकही नळी हलली नाही. मग त्यांनी पान्यांची पेटी उघडली आणि एक ब्रॅकेट त्यांना डगमगतं वाटलं ते घट्ट करायला बसले. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात पुन्हा वाद झाला नाही.

परवान्याच्या परीक्षेला आलेले साहेब गाडी बघून बुचकळ्यात पडले. असं काही त्यांच्यापुढे कधी आलं नव्हतं. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि हो म्हणायला धीर नव्हता. शेवटी ते स्वतः शेजारी बसले, मी मागे. मदनमहलच्या चढावर नेमकी मधोमध त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, “अब चलाइए. पीछे नहीं जानी चाहिए.” ताईंनी हातब्रेक ओढून ठेवलेलाच होता. कळ दाबली, गिअर टाकला, कळ सोडली. हवा थेंब थेंब आत शिरली, इंजिनाचा आवाज जरा भरदार झाला, ब्रेक सुटला आणि हेराल्ड चढाला लागली, एक तसूही मागे न सरकता. साहेब बराच वेळ त्या कळीकडे बघत राहिले. “मैडम, ये बनाया किसने?” ताईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “हम दोनों ने.” मला आयुष्यात बरीच शाबासकी मिळाली, लेकीच्या लग्नात, संसारात. त्या तीन शब्दांच्या तोडीची एकही नाही.

जुलैत ताई स्वतः गाडी चालवत पनागरच्या शाळेत हजर झाल्या. त्याआधी त्या अम्माला घाटावरून एक चक्कर मारून आणली, हे वेगळं सांगायला नको. ती खिडकीतून सगळ्या टपरीवाल्यांना हात करत होती. पनागरला ताई निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिल्या. बदली रद्द करून घ्यायची संधी पुढे आली होती, त्यांनी घेतली नाही. वाटेत चालत निघालेल्या मुली दिसल्या की त्यांना कोंबून घ्यायच्या आणि गाडीतच मूलद्रव्यांची तोंडी परीक्षा व्हायची. मला गाडी त्यांनीच शिकवली. पायांनी आणि हातांनी, दोन्ही तऱ्हांनी. गाडीत सुधारणा तर चालूच राहिल्या. पुढे डिस्क ब्रेक आले, चांगले दिवे आले, सीटचे पट्टे आले. “जुनी आहे म्हणून मागास काहून राहील?” असं त्यांचं म्हणणं असे.

आणि माणसं येऊ लागली. पहिली आली ती नरसिंहपूरची एक परिचारिका, तिचाही पाय पोलिओचा. तिला कुणीतरी ‘हाथ के क्लच वाली मास्टरनी’चा पत्ता दिला होता. मग अपघातात पाय गमावलेला एक दुकानदार, मग आणखी कुणी. ताईंनी कुणाला परत पाठवलं नाही. सलीमभैया वेल्डिंग करत, मी नळ्या आणि जोड सांभाळत असे, परवान्याच्या खटपटी अरविंद त्यांच्या आजारपणापर्यंत हौसेनं करत. अरविंद गेले त्या वर्षीही ताईंनी शेड बंद ठेवलं नाही. “तू आत येऊन बस, शैला,” एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातात पाना दिला. माझं दुःख त्यांनी असं सांभाळलं. बोलून नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी फाटकाशी एक लहान गाडी येऊन थांबली. चालवत होती एक बाई, शेजारी तिचा नवरा, दमोहचे. मधुमेहात त्याचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला होता. “दीदी ने आज का बोला था,” तो ओट्यावर टेकत म्हणाला. ताईंशी त्याचं फोनवर आधीच ठरलं होतं. त्या गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तो कुबडी सावरत उठायला लागला, “माफ करा हो… आम्हाला माहीत नव्हतं,” आणि बायकोला गाडी वळवायला सांगू लागला. मराठी तुटक होती, पण घरचीच होती. सलीमभैया आले होते, ते ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होते. 

शेडमध्ये हेराल्ड उभी होती. ती बाहेर काढल्याशिवाय दुसरी गाडी आत येऊ शकत नाही. ताई गेल्यापासून मी तिला हात लावला नव्हता. किल्ली खुंटीवरच होती. मी बसले, सीट जरा पुढे ओढली, कारण ताई माझ्याहून उंच, आणि गाडी हळूच मागे घेत निंबाच्या सावलीत उभी केली. मग त्या बाईला खूण केली, “आत घ्या.” तिनं गाडी आत घेतली. नवरा लगबगीनं बॉनेट उघडायला निघाला. ताई कधीच आधी गाडी बघत नसत. आलेल्या माणसाला त्या सावलीत बसवत, पाणी देत, कुठला पाय किती वाकतो, कुठल्या हाताला किती जोर आहे ते निवांत समजून घेत. मगच पान्याला हात. मी खुर्ची पुढे केली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसले.

“गाडी राहू द्या हो जरा,” मी म्हटलं. “आधी तुमचा पाय दाखवा.”